डब्यावर ५५५ वॉट-अवर, आत नव्वदही नाहीत: पॉवर स्टेशन घेण्याआधी हे वाचा

दिवाळी झाली की नाशिकमध्ये ट्रेकिंग-कॅम्पिंगच्या सामानाचे स्टॉल लागतात. त्यात हातात धरून नेता येणारं 'पॉवर स्टेशन', म्हणजे दिवे-उपकरणं चालवणारा बॅटरीचा डबा, आणि घडीचं सोलर पॅनल हमखास असतं. आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या गळ्यात असाच एक बनावट संच मारला गेला. डब्याचे १८,५०० आणि पॅनलचे ६,५००, असे वर्गणीतून जमवलेले २५,००० रुपये गेले. पैशांची हळहळ आहेच. पण गडावर रात्र काढताना ज्या डब्यावर एका मित्राची तब्येत सोपवली होती, तोच खोटा निघाला याचा संताप जास्त आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

स्टॉल गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात होता. विक्रेता पस्तिशीचा, बोलायला गोड, माहितीही बऱ्यापैकी. 'दादा, हा एक्स्पोर्टचा लॉट आहे, कस्टममधून सुटलेला, म्हणून या भावात मिळतोय.' ओळखीच्या कंपन्यांचे याच क्षमतेचे डबे तेव्हा जवळपास दुप्पट किमतीला होते. माहितीपत्रकावर परदेशी शिकाऱ्यांचे फोटो होते. अमेरिकेत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारे लोक डोंगरात आठवडाभर तंबू ठोकून राहतात, जीपीएस, रेडिओ, दिवे सगळं सोलरवर चार्ज करतात, आणि अशी उपकरणं तिकडे त्यांच्यासाठी विकली जातात हे खरं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे इथलं गिऱ्हाईक म्हणजे आम्ही ट्रेकर, पक्षी बघणारे, फोटोग्राफर. त्या फोटोंमुळे माल कसाला लागलेला आहे असं वाटावं, एवढाच त्यांचा उपयोग होता.

मग डेमो. त्याने डब्याला मिक्सर लावला, मिक्सर फिरला. हॅलोजन लावला, डोळे दिपले. स्क्रीनवर आकडे पळत होते, ५५५ ठळक दिसत होतं. सगळं मिळून एखादं मिनिट. मिक्सरचं भांडं रिकामं होतं आणि रिकामा मिक्सर फारच कमी वीज ओढतो, हे तो विक्रेता नक्कीच जाणून होता.

फसवणुकीचं मर्म इथेच आहे. डेमोत दिसतात ते वॉट, म्हणजे डबा एका वेळी किती जोर लावू शकतो. आपण पैसे मोजतो ते वॉट-अवरचे, म्हणजे आत एकूण साठा किती आहे त्याचे. नळाची धार जोरात आहे म्हणून टाकी भरलेली आहे असं होत नाही. आणि टाकी किती मोठी आहे हे एका मिनिटात कोणालाच दाखवता येत नाही. म्हणून हे लोक मिनिटभराचाच डेमो देतात.

डबा घेऊन आम्ही बागलाणात गेलो, साल्हेरला. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. वाघांब्याच्या बाजूने साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून चढायचं आणि माथ्यावरच्या गुहेत मुक्काम करायचा. पाच किलोचा डबा आणि दोन किलोचं पॅनल पाळीपाळीने पाठीवर घेऊन पोरांनी ती चढण काढली. बेत साधा होता. गुहेत दहा-दहा वॉटचे दोन एलईडी दिवे, सगळ्यांचे फोन, वॉकीटॉकी. एका फोनला साधारण १५ वॉट-अवर लागतात असं धरलं आणि दिवे पाच तास चालू ठेवले, तरी ५५५ च्या खऱ्या डब्यात पहिल्या रात्रीनंतर भरपूर शिल्लक राहिलं असतं.

आमच्यातल्या एका मित्राला टाइप वन मधुमेह आहे. त्याच्या दंडावर सेन्सर असतो, त्याचं रीडिंग फोनवर येतं आणि झोपेत साखर उतरली तर फोन वाजतो. दिवसभराच्या चढाईनंतर रात्री साखर उतरण्याचा धोका जास्त, म्हणून त्याचा फोन रात्रभर चालू राहणं ही आमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट होती.

साडेसहाला दिवे लावले, त्याचा आणि आणखी एकाचा फोन चार्जिंगला टाकला. स्क्रीनवर बराच वेळ १०० टक्केच. मग ९०, ८०. नऊच्या सुमाराला ६२ टक्के दिसत असताना डबा बंद पडला. बटण दाबलं की स्क्रीन क्षणभर उजळायची आणि विझायची. एक बाजू चटका बसेल इतकी तापली होती आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. डबा लगेच गुहेबाहेर दगडावर नेऊन ठेवला, कारण आत चहूकडे स्लीपिंग बॅगा पसरलेल्या. एकाकडे १०,००० एमएएचची साधी पॉवर बँक होती, ती त्या मित्रासाठी राखून ठेवली. तरीही विश्वास नको म्हणून रात्री पाळीपाळीने उठून ग्लुकोमीटरने त्याची साखर बघितली. रात्र नीट गेली, पण झोप कोणालाच लागली नाही.

सकाळी गंगासागर तलावाच्या काठावर पॅनल उन्हात पसरलं. स्क्रीनवर 'इनपुट १८० वॉट'. दुपारपर्यंत डबा १०० टक्के भरला असं दाखवत होता. रात्री पुन्हा तीच गत.

नाशिकला परतल्यावर विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, 'तुमचा लोड जास्त झाला असेल.' वीस वॉटचे दिवे आणि दोन फोन हा मिक्सर फिरवणाऱ्या डब्याला जास्त लोड? मग म्हणाला, 'थंडीत लिथियम झोपतं.' लिथियम सेल शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नयेत हे बरोबर, साठाही खूप थंडीत थोडा कमी मिळतो. पण आम्ही गुहेत होतो, बर्फात नाही, आणि थंडीने सहातले पाच हिस्से गायब होत नाहीत. तिसऱ्या फोनपासून त्याने उचलणं बंद केलं. बिल म्हणून दिलेल्या कागदावर 'एस्टिमेट' असं छापलेलं, जीएसटी नंबर नाही, पैसे गेलेले एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर.

त्यानंतर आम्ही जे केलं ते खरेदीच्या दुसऱ्याच दिवशी घरात करता येण्यासारखं आहे. हार्डवेअरच्या दुकानातून १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब आणला. डबा पूर्ण चार्ज केला, बल्ब लावला, शेजारी घड्याळ ठेवलं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ काढला. आतल्या इन्व्हर्टरमध्ये १०-१५ टक्के वीज खर्च होते ती सोडली तरी खऱ्या ५५५ वॉट-अवरवर हा बल्ब साडेचार तासांहून जास्त चालायला हवा. आमचा पाऊण तासही चालला नाही.

विक्रेत्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, तेव्हा डबा सातपूरला घेऊन गेलो. तिथे एक काका ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. लेबल वाचूनच ते म्हणाले, 'अरे, हे लेबलच खोटं बोलतंय.' लेबलवर १,५०,००० एमएएच, ५५५ वॉट-अवर आणि लिथियम आयर्न फॉस्फेट असं तिन्ही होतं. एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणलं की वॉट-अवर येतात. १५० गुणिले ३.७ म्हणजे ५५५. पण ३.७ व्होल्ट हे साध्या लिथियम-आयनचं. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, त्याने हिशोब ४८० येतो. ज्याने लेबल छापलं त्याला आपण काय विकतोय हेही माहीत नव्हतं, किंवा पर्वा नव्हती.

मग त्यांनी स्क्रू काढले. आत '१८६५०' या मापाचे, लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे गोल, वीस सेल निघाले. या आकाराचा चांगल्यात चांगला सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतो, म्हणजे दीड लाख भरायला किमान ४३ सेल हवेत. सेलवर कोरं निळं आवरण होतं. काकांनी ब्लेडने एकाचं आवरण सोललं. खाली दुसरं, विटलेलं हिरवं आवरण, आणि टोकाला जुन्या निकेल पट्टीच्या वेल्डिंगचे ठिपके. म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या वगैरे बॅटऱ्यांतून काढलेले सेल नवे कपडे घालून बसवलेले. मीटरवर एकेक सेल चार व्होल्टच्या वर चार्ज झालेला. आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ च्या वर नेतच नाहीत, त्यामुळे तेही खोटं. टेस्टरवर सेल सरासरी १२०० एमएएच निघाले. वीस सेल गुणिले १.२ गुणिले ३.७, म्हणजे जेमतेम ८९ वॉट-अवर.

आणि तळाशी दुहेरी टेपने चिकटवलेल्या लोखंडी पट्ट्या! दोन किलोंच्या वर. हातात घेतल्यावर जड लागावं म्हणून घातलेलं हे लोखंड आमच्या पोरांनी साल्हेरच्या माथ्यापर्यंत वाहून नेलं. आयर्न फॉस्फेटचे खरे पाचशे वॉट-अवर म्हणजे नुसते सेलच साडेतीन-चार किलोंचे, सगळा डबा सहाच्या आसपास. त्यामुळे कोणी तीन किलोंचा डबा हजार वॉट-अवर म्हणून देत असेल तर तो खोटा आहे हे तिथल्या तिथे समजा. मात्र जड आहे म्हणून खरा, असं मानू नका.

तापमान बघणारा सेन्सर सर्किटवर नव्हताच, त्याची जागा रिकामी. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र बांधले की काही आधी भरतात, काही आधी रिकामे होतात, आणि रोखणारं कोणी नसलं तर एखादा तापत जाऊन पेट घेतो. काकांचा आवाज इथे चढला. 'पैशाचं सोड, झोपायच्या जागी ठेवायला असला डबा विकणाऱ्यांनी लोकांना दिलाच कसा?'

पॅनलची तऱ्हाही तीच. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊर्जा पडते. चांगला 'मोनो' प्रकारचा सोलर सेल त्यातली २०-२२ टक्के पकडतो. म्हणजे पॅनलच्या दाव्यातल्या २०० वॉटसाठी नुसत्या काळ्या सेलचं क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर तरी हवं. आमच्या पॅनलची चार पानं, प्रत्येक ३५ बाय २५ सेंटीमीटर, सगळी मिळून ०.३५. या दराने चांगला माल असता तरी ७७ वॉटच्या पुढे गेला नसता. काकांनी वॉटमीटर लावला: दुपारी बाराला ३८ वॉट. डब्याच्या स्क्रीनवर मात्र १७८. त्यांनी वर्तमानपत्राने दोन पानं झाकली, मीटर कोसळला आणि स्क्रीन १७४ दाखवत राहिली. तो आकडा मोजलेला नव्हताच, तसा दिसेल असा भरून ठेवलेला होता. खरेदीला जाताना मोजपट्टी खिशात ठेवा. लांबी-रुंदीचा गुणाकार करायला कोणाची परवानगी लागत नाही.

डब्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी नंबरही होता. लिथियम सेल आणि पॉवर बँक यांना ही नोंदणी सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला तर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा मोबाइल चार्जर निघाला. म्हणजे कुणाचा तरी नंबर उचलून छापलेला. स्टॉलसमोर उभं राहून हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला ते छापणंही बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यांनी विक्रेत्याशी संपर्काचा प्रयत्न केला, प्रतिसाद मिळाला नाही. आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. निकाल यायचाय.

ओळखीच्या एका सायकलिंग ग्रुपनेही त्याच प्रदर्शनातून असाच डबा घेतला होता. त्यांचा बल्बही पाऊण तासाच्या आतच विझला. तो डबा आम्ही मुद्दाम उघडलेला नाही, कारण आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो आणि सील तुटलेलं असलं की समोरचा वकील 'तुम्हीच सेल बदललेत' म्हणायला मोकळा. तुमच्याकडे असा डबा असेल तर स्क्रूला हात लावू नका. बल्ब लावून सलग व्हिडिओ काढा, खोकं, कागद, यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवा, तोवर डबा झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावू नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती निघून जाण्याआधी अर्ज करा.