जुलैत 'मालवणची पहाटेची सुरमई' आणि 7022 रुपयांचा चुना

पुण्यात 'कोकणातून रोज ताजी मासळी' अशी जाहिरात करणाऱ्या एका चकचकीत हॉटेलात जुलैत आम्ही चौघं जेवायला गेलो. श्रावण तोंडावर आलेला, आईला पापलेट खायचं होतं. बिल झालं 7022 रुपये आणि ताटात पडली बर्फातली शिळी मासळी.

दाराशीच फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'आजची मासळी : मालवण, पहाटेची. सुरमई, पापलेट.' तिथूनच परत फिरायला हवं होतं! 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. आम्ही देवगडचे, हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण मी गप्प बसले नव्हते, वेटरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, छोट्या होड्यांना बंदी नसते, त्यांची आहे." बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते हे खरंच आहे. अर्धं खरं बोलून गंडवणाऱ्याला, भुकेलेली म्हातारी आई शेजारी उभी असताना, कुणी कसं ओळखायचं? त्या उधाणात होडी घालून सुरमई कोण आणतंय, हा प्रश्न तेव्हा तोंडातून निघाला नाही, याचा संताप अजून जात नाही.

पापलेटवर रव्याचा जाड थर. आईने तो बोटाने सारला, तर खाली मांस भुसभुशीत, काट्यापासून आपोआप सुटलेलं, पाणी सोडत असलेलं. तिने ताट सरकवलं आणि सोलकढी-भात खाल्ला.

दोन पापलेट 'साइजप्रमाणे' 2900, चार सुरमई थाळ्या 3180, वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 608, जीएसटी 334. साइजप्रमाणे दर असेल तर आकडा आधी विचारा, मासा कच्चा असताना बघा. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मॅनेजरचं उत्तर: "आमची पॉलिसी आहे."

मग तक्रारी. हेल्पलाइनने तक्रार हॉटेलकडेच पाठवली, हॉटेलने 'अभिप्रायाबद्दल आभार' कळवलं आणि तक्रार 'निकाली'! कशी निकाली? कुणाला पैसे मिळाले? अन्नाची जबाबदारी असलेल्या कार्यालयात गेले तर साहेब विचारतात, "विषबाधा झाली का? नमुना आणलाय?" खाल्लेल्या पापलेटचा नमुना कुठून आणू? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, कलम 53. मी कलम दाखवलं, तर म्हणे जाहिरात दुसऱ्या टेबलाकडे. दुसरं टेबल रजेवर. आम्ही कर भरायचा, रांगेत उभं राहायचं आणि पुरावेही आम्हीच गोळा करायचे!

पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते, त्यामुळे जुलैत तिकडची मासळी बर्फात घालून विकायला येऊ शकते. विका ना, पण तसं लिहून विका! मालवणच्या नावावर कशाला?

बिल फाडू नका, फळ्याचा फोटो तारखेसकट काढा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मी तिथे अर्ज करतेय. जून-जुलैत असाच फळा आणखी कुणी टिपला असेल तर तो फोटो मला हवाय.