डुकरांच्या स्वाइन फिव्हरची सेल कल्चर लस : लसीला ४ स्टार, दुकानाला १

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी-साकोली पट्ट्यात डुकरं पाळणारे आपण मोजकेच, अन् त्यातले बरेचजण लस टोचतच नाहीत, काहून तर म्हणे "डुकराले काय होते बाप्पा, ते तर काहीबी पचवते". म्हणून हा रिव्ह्यू लिहून राहिलो.

पहिले एक क्लिअर करतो. ही लस क्लासिकल स्वाइन फिव्हरची आहे, माणसाच्या स्वाइन फ्लूशी हिचा काही संबंध नाही अन् हा रोग माणसाला होतही नाही. पण डुकरात शिरला की शेड रिकामी करून जातो. ताप १०५-१०६ च्या वर, डुकरं एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडतात, कान अन् पोटाखालची कातडी जांभळी पडते, मागचे पाय लडबडतात, आधी बद्धकोष्ठता अन् मग हगवण. गाभण मादी असली तर गाभडते, नाहीतर पिल्लं मेलेली किंवा थरथरणारी होतात. इलाज काहीच नाही, जे करायचं ते आधीच करायचं.

आपल्या देशात १९६४ पासून जी लस चालत होती ती सशात बनायची. सशाला विषाणू टोचायचा, मग त्याला मारून पाणथरी काढायची, अन् एका सशातून निघायचे फक्त ५० डोस. देशाला लागतात वर्षाला सव्वादोन कोटीच्या आसपास अन् बनायचे १२ लाख, म्हणजे खेड्यातल्या शेडपर्यंत काय पोचणार, कप्पाळ? इज्जतनगरच्या आयव्हीआरआयनं (जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी संस्था) विषाणूचा देशी स्ट्रेन घेऊन सेल कल्चरवर, म्हणजे ससा न मारता प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, लस केली, २०२० मध्ये ती जाहीर झाली, अन् सरकारी पत्रकात खर्च २ रुपये डोसच्याही खाली सांगितला होता, जुनीचा १५-२० रुपये. मी ही दुसरीच टोचतो.

आता ही काम कशी करते ते सांगतो, कारण माझा एक स्टार तिथंच कापला गेला. या विषाणूच्या वरच्या आवरणात तीन प्रोटीन असतात, ई-आरएनएस, ई-वन अन् ई-टू. त्यातला ई-टू सगळ्यात महत्त्वाचा. तो ई-वनसोबत जोडी करून डुकराच्या पेशीला चिकटतो अन् विषाणूला आत घुसवतो. अन् गंमत अशी का डुकराच्या अंगात ज्या अँटिबॉडी खरंच विषाणूला निकामी करतात, त्यातल्या बहुतेक याच ई-टूच्या विरोधात तयार होतात. लसीतला विषाणू जिवंत असतो पण कमजोर केलेला, त्याच्या अंगावरही तोच ई-टू, म्हणून डुकराचं शरीर रोग न होता शिकून घेते. माझ्या शेडमध्ये लस सुरू केल्यापासून हा रोग शिरला नाही, आजूबाजूला आला होता तरी. याचं सगळं श्रेय लसीलाच देणार नाही, मी हायवेच्या ढाब्यांचं उष्टं टाकणंही बंद करून कनकी-कोंड्यावर आलो, अन् उष्ट्यातल्या कच्च्या डुकराच्या मटणातून हा विषाणू मस्त फिरतो.

पिल्लांच्या बाबतीत हाच ई-टू आडवा येतो. लस घेतलेल्या मादीच्या चिकातून पिल्लांना तयार अँटिबॉडी मिळतात, त्या लसीच्या विषाणूलाही मारून टाकतात, म्हणून एकदम लहान पिल्लांना टोचून फायदा होत नाही. आमचे डॉक्टर साहेब दोन महिन्यांच्या आसपास टोचायला सांगतात अन् दरवर्षी रिपीट. पत्रकात दोन वर्षं पुरते असं होतं, पण या बाबतीत मी साहेबांचं ऐकतो.

आता तो कापलेला स्टार. विकायच्या किंवा विकत घ्यायच्या आधी कोणी रक्त तपासलं तर ई-टूची अँटिबॉडी पॉझिटिव्ह येणार, अन् ती लसीची का रोगाची हे त्या एलायझावरून (अँटिबॉडी शोधणारी रक्ताची तपासणी) कळतच नाही. रोगातून बरं झालेलं डुक्कर अन् लस टोचलेलं डुक्कर, दोघांच्या कानात एकच बिल्ला. याच्यावर बाहेरच्या देशात तोड काढलेली आहे, नुसता ई-टू किड्यांच्या पेशीत बनवून त्याचीच लस करतात, त्यात बाकीचा विषाणूच नसतो. मग तपासणी ई-आरएनएसची करायची, ती पॉझिटिव्ह आली तर खरा रोग होऊन गेला अन् निगेटिव्ह आली तर फक्त लस. युरोपात तर गाईच्या एका विषाणूत डुकराच्या रोगाचा ई-टू बसवूनही लस बनवली. पण नुसत्या ई-टूवाल्या लसीला दोन डोस लागतात अन् असर यायला वेळ लागतो, जिवंत लस आठवड्याभरातच धरते. गावात रोग येऊन ठेपला असला तर मी तरी जिवंतच मागीन. हां, लस टोचल्याची तारीख, बॅच नंबर अन् बिल्ला नंबर वहीत लिहून ठेवा, घेणारा विचारतो तेव्हा तोच कागद कामी येतो.

आता दुकान. नाव घेत नाही, तालुक्याचं मेडिकल आहे जनावरांचं. लस थंड्यातच राहिली पाहिजे, अन् या भाऊनं भर मे महिन्यात काउंटरवरच्या खोक्यातून काढून साध्या पन्नीत घालून दिली! मी परत केली तर मलाच म्हणते, "इतकं काही होत नाही त्याले". होते भाऊ, जिवंत लस आहे ती, गरमीत मेली तर तुम्ही पाणी टोचून राहिले अन् डुकरू तसंच उघडं. तेव्हापासून सरकारी दवाखान्यातून घेतो, थर्मासमध्ये बर्फ घेऊन जातो. कधी कधी स्टॉक नसतो, मग थांबावं लागते, ते खरं आहे.

अजून एक, बाटली एकदा पाणी मिसळून फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. दोन-चार डुकरंवाल्यानं एकट्यानं घेतली तर निम्मी फेकावी लागते, आम्ही शेजारच्या गावातले मिळून एकाच सकाळी टोचून घेतो.

अन् आफ्रिकन स्वाइन फिव्हर म्हणाल, जो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा निघाला, त्यावर ही लस शून्य. तो विषाणूच वेगळ्या खानदानाचा, डीएनएवाला, त्याच्या अंगावर हा ई-टू नाहीच. लक्षणं मात्र सारखीच दिसतात. तेव्हा लस टोचलेली डुकरं पटापट मरून राहिली तर दुकानदाराशी भांडत बसू नका, लगेच दवाखान्यात कळवा अन् एकही डुक्कर शेडबाहेर विकू नका.