मोटरविना घेतलेला विंडो रेग्युलेटर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

चालकाच्या बाजूची काच दारात खाली जाऊन बसली, तेव्हा दुरुस्ती केंद्राने विंडो रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारे मशीन, मोटरसकट संपूर्ण बदलण्याचे, मजुरी धरून साडेसहा हजार रुपयांचे अंदाजपत्रक हातात ठेवले. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, म्हणजे फ्यूज, बटण आणि मोटर तिन्ही शाबूत होते. मग मोटरचे पैसे कशासाठी, या प्रश्नाला ‘सुटा भाग येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पुण्याच्या नाना पेठेत तोच मोटरविना सुटा भाग तेराशे रुपयांना मिळाला, आणि तो मी घरीच बसवला.

आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांप्रमाणे माझ्याही गाडीत तारेचे मशीन आहे. मोटर एक ढोल फिरवते, त्यावर गुंडाळलेली पोलादी तार पट्टीच्या दोन्ही टोकांच्या कप्प्यांवरून फिरते आणि तारेला अडकवलेला प्लास्टिकचा सरकता तुकडा काचेला वर-खाली नेतो. माझ्याकडे खालची प्लास्टिकची कप्पी दुभंगली होती आणि सुटलेली तार ढोलाभोवती पिंजून गुंतली होती.

बसवण्याचे काम फार अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, हँडलच्या वाटीतील झाकणाखालचा स्क्रू सोडवावा, डोअर पॅड (दाराचे आतले आवरण) क्लिपांतून मोकळे करून वर उचलावे आणि काच हाताने वर सरकवून मास्किंग टेपने चौकटीला घट्ट चिकटवावी. मग दहा नंबरच्या पान्याने काचेचे दोन बोल्ट आणि मशीनला दाराशी धरणारे बोल्ट काढले की मशीन दाराच्या पोकळीतून बाहेर येते. जुनी मोटर तीन स्क्रूंनी नव्या मशीनवर बसली. काचेचे बोल्ट मात्र आधी सैल ठेवून, काच एकदा पूर्ण वर नेऊन मगच आवळावेत, नाहीतर ती तिरकी चालते.

सुरुवातीला मी या भागावर नाराज होतो, कारण वर जाताना शेवटच्या वीतभर अंतरात काच रेंगाळत असे आणि ‘लोकल माल’ म्हणून मी तो मनातून बादही केला होता. नंतर चौकटीतील रबरी खोबण ओल्या फडक्याने पुसली, तर फडके काळेकुट्ट झाले. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारताच काच शेजारच्या दाराच्या काचेइतकीच झपाट्याने वर गेली. त्यामुळे त्या बाबतीत भाग निर्दोष ठरला. खोबणीत ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये; त्याने रबर फुगते आणि धूळ चिकटते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि ती क्षुल्लक वाटली तरी मी सोडणार नाही. डोअर पॅडमागे जो प्लास्टिकचा पातळ कागद असतो, तो काळ्या चिकट ब्यूटिलच्या पट्टीने दाराला चिकटवलेला असतो. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचे पाणी दारात उतरतच असते आणि तळाच्या छिद्रांतून निघून जाते. ते आत, पायाखालच्या कार्पेटवर येऊ नये म्हणून हा कागद असतो. मशीन बदलायचे तर तो सोलावाच लागतो, आणि जुने ब्यूटिल धुळीने माखले की पुन्हा नीट धरत नाही. असे असताना तेराशे रुपयांच्या पाकिटात ब्यूटिलची वीतभरही पट्टी नाही! दुकानदाराचा सल्ला होता, ‘साधी टेप मारा, कोण बघतंय?’ पाणी बघते. मी दीडशे रुपयांचे ब्यूटिल वेगळे आणले, हेअर ड्रायरने ऊब देऊन कागदाची कड सगळीकडून दाबली आणि खालची कड पुन्हा दाराच्या खाचेत, आतल्या बाजूला सरकवली, म्हणजे कागदावरून ओघळणारे पाणी दारातच पडते.

जुलैच्या संततधारेत कार्पेट कोरडे राहिले, फक्त पुढच्या कोपऱ्यात ओल आली. पॅड पुन्हा उघडले तेव्हा पूर्वी स्पीकर बसवणाऱ्याने तेथे कागद ब्लेडने कापून तसाच सोडल्याचे दिसले. उरलेल्या ब्यूटिलने त्यावर ठिगळ लावले आणि ओल थांबली.

काच खाली पूर्ण उतरताना आता ‘टक्’ असा हलका आवाज येतो, जो कंपनीच्या मशीनला कधी येत नव्हता. साडेसहा हजार दिले असते तर त्यासाठी मी नक्की भांडलो असतो; तेराशेत तो चालवून घेतो.