ओएलईडी घेतलाय तर रात्री बोर्डाचं बटन बंद करू नका

दिवाळीत टीव्ही घेतला, एलजीचा सी४, ५५ इंची ओएलईडी. तेव्हापासून ओळखीतले चारपाच जण तरी विचारून गेले की एवढे पैसे घातलेस तर फरक काय पडला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, जमेल तसं.

आधी पैशाचं. दोन वर्षं नुसतं बघत होतो. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मग म्हटलं आता नाही घेतला तर कधीच घेणं होत नाही. परभणीत मी फिरलो त्या दुकानांत ओएलईडी लावलेला नव्हता, ॲडव्हान्स टाका दोन दिवसात मागवून देतो म्हणायचे, पण न बघता लाखाची वस्तू कोण घेणार. जगात जर्मनी भारतात परभणी ते सगळं ठीक आहे, पण टीव्ही बघायला रेल्वेनं नांदेडच गाठावं लागलं, वजिराबादेत.

दुकानात काय असतंय तुम्हाला माहितीच आहे. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तेच पोपट, तीच फुलं, मध ओघळायलाय, आणि वर ट्यूबांचा नुसता लखलखाट. अशा उजेडात ओएलईडी उलट मळका दिसतो हो, शेजारचा एलईडी डोळे दिपवतो. दुकानातलं पोरगं पण मला तिकडंच ओढायलं होतं, "सर, तेवढ्याच पैशात ह्याच्यात ६५ इंच बसतंय बघा." मी घरून पेनड्राइव्ह नेला होता, त्यात बहिणीच्या लग्नातली वरात, रात्रीची, मोबाईलवर फोरकेमध्ये काढलेली. म्हटलं हे लावा दोन्हीवर आणि जरा ह्या बाजूच्या ट्यूबा बंद करा. पोरानं मालकाकडं बघितलं, मालकानं मान हलवली. ट्यूबा बंद झाल्या आणि तिथंच निकाल लागला. एलईडीवर आभाळ राखाडी, वरातीतल्या प्रत्येक बत्तीभोवती धुरकट गोल. ओएलईडीवर आभाळच नाही, टीव्हीची कड कुठं संपली तेसुद्धा कळेना, नुसत्या बत्त्या आणि घोड्याच्या कपाळावरची झालर.

कारण साधं आहे. एलईडीत पडद्याच्या मागं लाइट असतो आणि काळं दाखवायचं म्हणजे तो लाइट अडवायचा, थोडा तर झिरपतोच. ओएलईडीत मागं लाइटच नाही, ८३ लाख पिक्सेल, म्हणजे बारीक ठिपके आहेत आणि प्रत्येक जण आपापला जळतो, काळं पाहिजे तिथं सरळ विझतो.

कंपनी ठरवताना मी एकच गोष्ट बघितली. सीनप्रमाणे उजेड आणि रंग जुळवून दाखवायचे दोन प्रकार आहेत, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर टेन प्लस. सॅमसंगवाले पहिला देत नाहीत, एलजीवाले दुसरा देत नाहीत. आमच्याकडं नेटफ्लिक्स चालतं आणि त्यावर डॉल्बी व्हिजन भरपूर आहे, म्हणून एलजी. पुतण्याला गेम खेळायचे असतात, ह्याचे गेमचं मशीन जोडायचे चारही एचडीएमआय पोर्ट २.१ म्हणजे वेगवान आहेत, त्याचं पण भागलं. ६५ चा मोह झाला होता, पण बैठकीत सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सात-साडेसात फूट, त्याला ५५ बरोबर बसतो.

आता घरी आणायचं. हा टीव्ही आडवा टाकून आणायचा नाही, उभाच, आणि पडद्याला बोट पण दाबायचं नाही, वरचा भाग पापडासारखा पातळ आहे. टेम्पोवाला खोकं गादीवर झोपवायला निघाला होता, मी मागं बसून हातानं धरून आणलं, स्टेशन रोडच्या प्रत्येक गतिरोधकाला जीव वर-खाली. फिटिंगला आलेला माणूस घाईत. आमचं घर जुनं, भिंत दगड-मातीची, वरून सिमेंटचा गिलावा. त्यानं ड्रिल लावलं, इंचभर गेलं नाही तोच भोकातून पिवळी माती भुरभुर खाली. तरी म्हणतो मोठी गिट्टी ठोकतो, बसंल. टीव्ही चौदा किलोचा, गिट्टी मातीत, हात जोडले म्हटलं राहू द्या, स्टँड काढा. आता शोकेसवर ठेवलाय आणि भिंतीला एक भोक शिल्लक आहे, त्यावर कॅलेंडर. जुन्या घरात असाल तर आधी गवंड्याला भिंत दाखवा, मग ब्रॅकेटचे पैसे द्या.

सेटिंग म्हणाल तर पहिल्या दिवशी जे आहे ते ठेवूच नका. एनर्जी सेव्हिंग बंद. शार्पनेस खाली. पिक्चर मोड रात्री फिल्ममेकर, दिवसा सिनेमा होम. सुरुवातीला फिल्ममेकर पिवळट वाटतो, माय तर म्हणाली हळद सांडल्यावानी दिसायलंय, पण आठ दिवसात डोळ्याला सवय होते आणि मग जुना मोड लावला की माणसं निळी दिसतात. ट्रूमोशन म्हणजे हलतं चित्र गुळगुळीत करायचं सेटिंग, ते एकदम बंद केलं तर कॅमेरा सावकाश फिरताना चित्र अडखळतं, कारण सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा आणि ओएलईडी एका फ्रेमवरून दुसरीवर झटक्यात जातो. पूर्ण चालू ठेवलं तर सिनेमा टीव्हीवरच्या मालिकेसारखा दिसतो. त्यातच सिनेमॅटिक मूव्हमेंट नावाचं आहे ते ठेवा. साउंडबार असेल तर त्याची वायर ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टातच घाला, टीव्हीचा आवाज बाहेर तिथूनच जातो, मी दोन दिवस भलत्याच पोर्टात घालून आवाज का येत नाही म्हणून डोकं फोडत होतो.

आता मुख्य गोष्ट. आमचे दादा रात्री झोपायच्या आधी घरात एक फेरी मारतात, गॅस, मागच्या दाराची कडी आणि बोर्डावरची सगळी बटनं. चाळीस वर्षांची सवय. ओएलईडीला नेमकं हेच चालत नाही. चार तास बघून झाले की रिमोटनं बंद केल्यावर तो आतल्या आत पिक्सेल साफ करत बसतो, सगळे पिक्सेल सारखे जळावेत म्हणून. त्याला स्टँडबायची वीज लागते. बोर्डावरून बंद केलं की ते होतच नाही. महिनाभर आमचं हेच चाललं होतं, मी चालू करायचो, ते बंद करायचे. "रातभर लाल लाइट कशाला जळायलीय रे? बिल कोण भरणार?" शेवटी पॅनेल बदलायचं म्हटलं तर जवळपास टीव्हीएवढाच खर्च येतो हे सांगितलं, तेव्हा बटनावर चिकटपट्टी लागली. त्यांनीच लावली.

दुसरं भांडण बातम्यांचं. दादांना सकाळपासून बातम्या लागतात, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात चॅनलचा लोगो, तासन् तास जागचं हलत नाही. तेच तेच पिक्सेल जास्त जळून डाग कायमचा राहतो, ह्याला बर्न-इन म्हणतात. रोज दोन-चार तास वेगवेगळं बघणाऱ्याला एवढं भ्यायचं कारण नाही, पण दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल म्हणजे आपण होऊन खड्डा खणणं. आम्ही जुना ३२ इंची त्यांच्या खोलीत लावला, डिश पण तिकडंच. तसंही डिशवरचे साधे एसडी चॅनल ह्या टीव्हीवर बघवत नाहीत, चार लाख पिक्सेलचं चित्र ८३ लाखांवर ताणायचं म्हणजे शर्टाच्या कापडात गोधडी शिवण्यातला प्रकार.

दुपारी मात्र हा टीव्ही मार खातो, हे कबूल करतो. आमची बैठक पश्चिमेला, चारनंतर ऊन आत येतं आणि अंधाराचा सीन असला की टीव्हीत मीच दिसतो, बनियनवर, मागं खिडकी. जाड पडदे शिवून घेतले, ते वेगळे. क्रिकेटमध्ये पांढरा साइटस्क्रीन किंवा बर्फाचा सीन आला की पूर्ण पडदा थोडा मंद होतो, सगळे पिक्सेल एकदम जोरात जळू नयेत म्हणून, ते बिघडलेलं नाही. दिवसभर उजेडात, दारं उघडी, येणंजाणं चालू, असं घर असेल तर मिनी एलईडी, म्हणजे मागं बारीक बारीक लाइट असलेला एलईडी घ्या, पैसे पण वाचतील. मी रात्री जेवणं झाल्यावर बघणारा माणूस, मला हाच पाहिजे होता आणि लग्नाची वरात अजून महिन्यातून एकदा लावतोच.

एक राहिलं. वळवाच्या पावसात आपल्याकडं विजा कशा पडतात माहिती आहे. आभाळ गडगडायला लागलं की चिकटपट्टी वगैरे काही नाही, पिनच ओढायची, नेटची वायर पण. ते काम दादांकडं दिलंय. मागच्या आठवड्यात नुसतं भरून आलं होतं, थेंब पण पडला नाही, तरी मॅचच्या शेवटच्या षटकात पिन काढून मोकळे झाले.