परदेशातल्या खेड्यात आईला बोलवायचं: सलग तीन महिने की चार आठवडे?

कोथरूडला आमच्या सोसायटीत तीन घरांतली मुलं जर्मनीत आहेत. चाकणला तिकडच्या गाड्यांचे कारखाने, मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे वर्ग, त्यामुळे पुण्याहून तिकडे जायची वाट रुळलेली आहे. पण सगळे काही म्युनिक-बर्लिनला राहत नाहीत. कंपनी लहान शहराच्या कडेला असते आणि परवडणारं घर त्याहून पलीकडच्या खेड्यात मिळतं. मी बाडेन-व्युर्टेंबर्ग या नैऋत्य जर्मनीतल्या राज्यात अशाच एका खेड्यात सहा वर्षं राहिले. आईला दोनदा बोलावलं: २०१८ मध्ये सलग ८६ दिवस आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये २६ दिवस. आता पुण्यात परत आल्यावर संक्रांतीच्या सुमारास कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, आई-बाबांना उन्हाळ्यात नेतोय, पूर्ण तीन महिने ठेवू ना?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी खेड्याचं सांगते, कारण निर्णय त्यावरच होतो. आमच्या गावात एक बेकरी, एक चर्च, अग्निशमन दलाची शेड आणि दोन रस्ते. वाणसामानाचं मोठं दुकान चार किलोमीटरवर. बस आठवड्याच्या दिवशी तासाला एक. रविवारी बस हवी असेल तर आधी फोन करून बोलवावी लागायची आणि तो फोन जर्मनमध्येच करायचा. रविवारी दुकानं तर देशभर बंद. माझी आई पुण्यात सत्तराव्या वर्षीही एकटी पीएमटीने मंडईत जायची, भाव करून भाजी आणायची, संध्याकाळी थोरात उद्यानात तिच्या मैत्रिणी. तीच बाई तिथे आल्यावर दाराबाहेर पडायला आमच्या तोंडाकडे बघू लागली. शहरात पाहुणा कंटाळला तर ट्राममध्ये बसून गर्दी तरी बघून येतो. खेड्यात ती सोय नाही.

८६ दिवसांचं खरं सांगते. पहिले तीन आठवडे छान गेले. मी दोन आठवडे रजा काढली होती, नवऱ्याने एक. ब्लॅक फॉरेस्ट झालं, ऱ्हाइन झाली, आईने फोटो पाठवले. चौथ्या आठवड्यात आम्ही दोघं कामावर, मुलगा बालवाडीत आणि आई सकाळी आठ ते दुपारी चार घरात एकटी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. मनगटावरचं घड्याळ तिने पुण्याच्या वेळेवरच ठेवलं होतं. एका शुक्रवारी मी घरून काम करत होते. दुपारी अडीचला ती मला म्हणाली, "आत्ता तिकडे सहा वाजले. सगळ्या बागेत जमल्या असतील." तक्रारीचा सूर नव्हता. नुसतं सांगत होती. मला त्या दिवशी पुढे काम सुचलं नाही. आईला आराम मिळावा म्हणून बोलावलं होतं आणि तिच्या हातून तिचा सगळा दिवसच काढून घेतला होता, हे मला तिच्या त्या वाक्याने कळलं.

त्यानंतर आम्ही एक केलं. एका कार्डावर जर्मनमध्ये लिहिलं: "मला जर्मन येत नाही. माझी मुलगी याच गावात राहते. कृपया या नंबरवर फोन करा." मागच्या बाजूला देवनागरीत: "गूटन मॉर्गन. त्स्वाय ब्र्योटशन, बिटं." म्हणजे सुप्रभात, दोन छोटे पाव द्या. आई रोज सकाळी नऊला कार्ड पर्समध्ये घालून बेकरीत जायला लागली. पाचव्या-सहाव्या दिवशी बेकरीवाल्या बाईंनी तिला शिकवलं की आमच्याकडे ब्र्योटशन नाही म्हणत, वेकले म्हणतात. आईने घरी येऊन मला तो शब्द सांगितला तेव्हा तिचा चेहरा मी पुण्यात पाहायचे तसा होता. मग वाटेवरच्या घरातल्या आजींशी ओळख झाली. भाषा नव्हती, पण दोघींच्या हातात विणकाम होतं. आईने त्यांना उलटे टाके घालायची आपली पद्धत दाखवली, त्यांनी तिला लाल करवंदांसारखी दिसणारी आंबट फळं भांडंभर दिली. आईने त्याचा मुरांबा केला आणि तो त्यांच्याकडे परत गेला. दुसरा आणि तिसरा महिना त्या दोन दारांवर निभावला.

आता २६ दिवसांचं. दोघांची रजा अशी लावली की एक जण कायम घरी. जर्मनीत कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान २० दिवस रजा मिळते, बऱ्याच ठिकाणी ३० च्या आसपास. म्हणजे चार आठवडे दोघांत वाटून घेता येतात, तीन महिने कुणालाच येत नाहीत. आई एकही दिवस एकटी नव्हती, खिडकीशी बसली नाही. पण धावपळ फार झाली. पाहून घेऊ, परत कधी येणार, असं म्हणत आम्ही तिला इतकं फिरवलं की तिचे गुडघे दुखायला लागले. बेकरीत ती दोनदाच गेली. वाटेवरच्या त्या आजींना भेटली, पण निरोप घ्यायलाच. मुलगा आणि आजी यांच्यात मागच्या वेळी जे झालं होतं, रात्री गोष्ट सांगितल्याशिवाय न झोपणं, मराठीत भांडणं, त्याला २६ दिवस पुरले नाहीत. तीन महिन्यांत तो "आजी, पाणी दे गं" म्हणायला शिकला होता. ते श्रेय लांब मुक्कामाचंच.

खर्चाचं थोडक्यात. लांब मुक्कामात तिकीट एकदाच, पण विमा दिवसांवर आणि वयावर चढतो. दोनदा बोलावलं तर तिकीट दोनदा. शेंगेन व्हिसाचं (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा) शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर अर्ज केंद्राचा आकार वेगळा. सगळा खर्च तुम्ही उचलणार असाल तर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र करावं लागतं, त्याचे २९ युरो. ती सही विचार करून करा, कारण पाहुण्याचा राहण्याचा आणि आजारपणाचा खर्चही त्यात येतो.

दिवसांचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. या व्हिसावर कोणत्याही सलग १८० दिवसांत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात मोजला जातो. आई १ मेला उतरली तर नव्वदावा दिवस २९ जुलै. तीन महिने म्हणजे १ ऑगस्ट असं धरून तिकीट काढलं की चुकलंच. परतीचं तिकीट चार-पाच दिवस आधीचं ठेवा, म्हणजे विमान रद्द झालं तरी धाकधूक नको. आणि पूर्ण ९० दिवस एका दमात वापरले तर पुढचे तीन महिने दिवाळी असो, बारसं असो, परत येता येत नाही.

लहान मुक्कामाच्या बाजूने इथे एक मोठा मुद्दा आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालाय: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळून ते नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा. म्हणजे चार-चार आठवड्यांच्या दोन फेऱ्यांनी पुढची वाट मोकळी होते. वय वाढत जाणाऱ्या आईवडिलांसाठी दरवेळी कागदांचा ढीग न करावा लागणं ही लहान गोष्ट नाही.

आजारपण. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण लागतं, पण त्यात सहसा अचानक उद्भवलेलं दुखणंच धरतात. जुना रक्तदाब, मधुमेह यांच्या नेहमीच्या तपासण्या धरत नाहीत. चार आठवड्यांत याची गरज पडत नाही, तीन महिन्यांत पडते. आईचा रक्तदाब नवव्या आठवड्यात वर गेला, गावातला डॉक्टर सुट्टीवर, आम्ही स्वतःच्या खिशातून शेजारच्या गावात दाखवलं. औषधं पुण्याहून पूर्ण मुक्कामाची न्या, प्रिस्क्रिप्शनसकट. तीन महिने पुरतील इतकी स्वतःपुरती नेता येतात. फ्रिजवर दोन नंबर मोठ्या अक्षरात लावा: तातडीचा ११२ आणि दवाखाने बंद असतानाच्या डॉक्टरांचा ११६११७.

सामानात तूप, पेढे, खवा नको. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. हापूस आणि ताजा कढीपत्ताही नको. तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप सुरेख कढतं.

हिवाळ्यात लांब मुक्काम ठेवू नका, हे मी ठामपणे सांगते. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, वाटा निसरड्या होतात, आणि आईचं ते बेकरीपर्यंतचं जाणंही बंद पडेल. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो. कामावरून आल्यावरही तिला तीन-चार तास बाहेर नेता येतं.

मग निवड कशी करायची? पहिल्यांदाच येत असतील तर चार आठवडे, मे-जून किंवा सप्टेंबर. त्या मुक्कामात फिरणं निम्म्यावर आणा आणि पहिल्या आठवड्यापासून त्यांना एकट्याने जाता येईल असं एक ठिकाण लावून द्या. ते रोज तिथे जायला लागले, परत येऊन काही सांगायला लागले, तर पुढच्या वर्षी तीन महिने बिनधास्त. नाही लागले तर पुन्हा चारच आठवडे.

याला एक अपवाद, बाळंतपण. तेव्हा पूर्ण मुक्काम हवाच. आईच्या हाताला काम असतं, घरात तिचा शब्द चालतो, दिवस कुठे गेला कळत नाही. फक्त तारखेच्या फार आधी आणू नका. महिनाभर आधी आली तर शेवटी बाळाला मांडीवर घ्यायच्या दिवसांतच तिला निघावं लागतं. सात-आठ दिवस आधी पुरे. डिंक आणि सुंठ बरोबर असू द्या.

आई-बाबा दोघं येत असतील तर पारडं थोडं लांब मुक्कामाकडे झुकतं, कारण दुपारी बोलायला कुणीतरी असतं. माझे काका-काकू पुढे सात आठवडे राहिले आणि दोघं मिळून रोज शेतातल्या वाटेने पुढच्या गावापर्यंत चालत जायचे. एकट्या आईने ती वाट कधी धरली नसती.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे मेमध्ये यायचं असेल तर जानेवारीतच अर्ज केंद्राची वेळ घ्या. एकदा दिलेले बोटांचे ठसे पुढच्या अर्जांना ५९ महिने चालतात. मुंबईहून विमान आहे. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, चालता येत असलं तरी. आई "मला काय झालंय" म्हणेल. तरी मागा.