मातीच्या छोट्या धरणाची पावसाळ्याआधीची तपासणी : मुंबईतली सेवा कितपत उपयोगी?

कर्जत, मुरबाड, शहापूर भागातल्या बंगल्यांच्या प्रकल्पांत ज्याला 'लेक' म्हणतात, ते बहुतेक वेळा पाच-सात मीटर उंचीचं माती धरण असतं. मध्ये पाणी अडवणारा काळ्या मातीचा गाभा (हार्टिंग), दोन्ही बाजूंना आधाराला मुरमाचं आवरण (केसिंग), पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर (पिचिंग) आणि एका टोकाला जादा पाणी वाहून जाण्याची वाट, म्हणजे सांडवा. वापर बोटिंगचा, गळ टाकण्याचा, माथ्यावरून फिरण्याचा. मालक मुंबईत, धरण घाटाखाली आणि सांभाळायला एक रखवालदार. धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच आणि काही अटी लागू असलेल्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांसाठी आहे. त्यामुळे त्यातल्या सक्तीच्या तपासण्या या तळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. सगळं सोसायटीवरच येतं.

अशा तळ्यांसाठी मुंबईतली काही माती-परीक्षण कार्यालयं पावसाळापूर्व तपासणीचं पॅकेज देतात. अंधेरीतल्या अशाच एका कार्यालयाच्या कामाचं हे परीक्षण. कार्यालयाचं नाव देत नाही, कारण काम नीट झालं की नाही हे ओळखायच्या खुणा कुणालाही कामी घेतलं तरी त्याच राहतात.

पहिला दिवस पूर्णपणे लेव्हल घेण्यात जातो आणि ते योग्यच आहे. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची तिपाईवरची दुर्बीण) लावून माथ्याची उंची दर 10 मीटरला मोजतात आणि तिची तुलना सांडव्याच्या पातळीशी करतात. मातीचा भराव मधोमध सर्वांत उंच असतो, म्हणून तिथेच तो जास्त बसतो. वर गाड्या फिरत असतील तर चाकोऱ्यांमुळे आणखी खचतो. तळं तुडुंब भरून वाहिलं तर पाणी सगळ्या माथ्यावरून सारखं जात नाही, सगळ्यात सखल जागी जमून तिथूनच माती कापत उतरतं. मोजमाप न घेता 'माथा ठीक दिसतो' असं लिहून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

सांडव्याच्या बाबतीत हे लोक कडक आहेत आणि त्यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण. उन्हाळ्यात बोटी तरंगाव्यात म्हणून सांडव्यावर फळ्या किंवा वाळूच्या गोण्या लावतात, आणि जूनमध्ये त्या काढायचं राहून जातं. हिशेब साधा आहे. 10 मीटर लांब, रुंद माथ्याच्या सांडव्यावरून 60 सेंटिमीटर खोलीने सेकंदाला सुमारे 7.9 घनमीटर पाणी जातं. 30 सेंटिमीटरच्या फळ्या लावल्या की वर उरतात 30 सेंटिमीटर, आणि त्यातून जातं जेमतेम 2.8 घनमीटर. उंची निम्मी झाली, पण पाणी एक तृतीयांशाच्या आसपास आलं. आता 40 हेक्टरच्या डोंगरउतारावर तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं 80 टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला जवळपास 8.9 घनमीटर येतं. म्हणजे फळ्या नसतानाही सांडवा अपुरा! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कोकणपट्टीत 'एवढा कुठे पडतो' हा युक्तिवाद चालत नाही. या कार्यालयाच्या अहवालात हा हिशेब तुमच्या तळ्याच्या आकड्यांनिशी असतो. नसेल तर मागून घ्या.

सगळ्यात मोलाचं काम खालच्या, म्हणजे कोरड्या बाजूच्या पायथ्याशी होतं. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझर वाढतोय का आणि त्याबरोबर माती येतेय का, हे पाहायचं. पायथ्याच्या चरात ते 90 अंशांची व्ही-नॉच, म्हणजे V आकाराची खाच असलेली पत्र्याची पाटी बसवतात आणि शेजारी फूटपट्टी. नॉचवरची उंची 5 सेंटिमीटर असेल तर पाझर सेकंदाला सुमारे 0.77 लिटर आणि 10 सेंटिमीटर असेल तर 4.4 लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं, हे रखवालदाराला पहिल्याच दिवशी समजावून सांगतात. पट्टी पाटीला चिकटवून नको, तिथे पाणी नॉचकडे झुकतं. नॉचवरून जेवढी खोली वाहणार, तिच्या चौपट अंतर मागे रोवायची. शिवाय दर आठवड्याला पाझराच्या पाण्याने एक पारदर्शक बाटली भरायची, तारीख लिहायची आणि बारा तास हलवायची नाही. तळाशी गाळाचा थर दिसला, तर भरावाच्या आतली माती वाहून येतेय. मग त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, त्याआधी गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या.

गळती दिसली की गवंडी आणून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारायचा, हा आपल्याकडचा सर्वांत घातक उपाय आहे. पाण्याची वाट बंद होते, पण पाणी येतच राहतं. भरावात दाब साठतो, उतार भिजून सैल पडतो आणि एका रात्रीत घसरतो. या कार्यालयाने गिलावा उखडून उलटा फिल्टर घालायला लावला : आधी 15 सेंटिमीटर धुतलेली वाळू, तिच्यावर 15 सेंटिमीटर बारीक ग्रिट, मग 20 ते 40 मिलिमीटरची खडी, आणि वरून वजनासाठी 30 सेंटिमीटर दगड. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती आत अडवायची. वाळू क्रश सँड (दगड फोडून केलेली) असेल तर भुकटी पूर्ण धुऊन घ्या, नाहीतर फिल्टर पहिल्याच पावसात तुंबतो.

माथ्यावरच्या भेगांचं निदान चांगलं. काळी माती मे महिन्यात भेगाळतेच. भरावाच्या लांबीतली भेग आणि आडवी भेग यांत ते फरक करतात. आडवी भेग पाण्याच्या बाजूकडून खालच्या उताराकडे वाट काढून देते, म्हणून ती आधी बुजवायची. भेगेत चुन्याचं पाणी ओततात, मग पांढरी रेघ जिथे संपते तिच्याखाली आणखी 30 सेंटिमीटर चर खणून माती 15-15 सेंटिमीटरच्या थरांत भरतात. मूठ आवळली की गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, एवढाच ओलावा हवा. एक गोष्ट ठेकेदाराला आवर्जून सांगा : चिकणमातीवर प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पाट्याचं थरथरणारं यंत्र) फक्त वरचा थर चोपतो, तिथे जंपिंग जॅक (उड्या मारत ठोकणारं यंत्र) लागतो. हे काम मेअखेर संपायला हवं. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख 11 जून, आणि भिजलेल्या मातीची दबाई होत नाही.

झाडांबद्दलचा सल्ला थोडक्यात, पण बरोबर : भरावावर हरळी ठेवा, करंगळीएवढी रोपं मुळासकट उपटा. मोठं झाड परवानगीशिवाय आणि योजनेशिवाय तोडू नका, कारण कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. घुशी-खेकड्यांची बिळं वरून मातीने झाकून भागत नाही, उकरून थरांनी बुजवावी लागतात.

आता उणिवा. पहिली मोठी. भरावातून जाणाऱ्या विमोचकाच्या, म्हणजे तळ्यातलं पाणी सोडायच्या पाइपमध्ये कॅमेरा सोडणं पॅकेजमध्ये नाही, वेगळं शुल्क पडतं. छोट्या धरणात धोक्याची जागा बहुतेकदा हाच पाइप असतो. ह्यूम (सिमेंट काँक्रीटच्या) पाइपच्या सांध्यातून पाणी निसटून माती खेचून नेतं. व्हॉल्व्ह फक्त खालच्या टोकाला असेल तर सगळा पाइप कायम दाबाखाली राहतो, म्हणजे धोका दुणावतो. व्हॉल्व्ह वरच्या, म्हणजे तळ्याकडच्या टोकाला हवा. इथे पैसे वाचवू नका.

दुसरी उणीव अहवालाची. जाडजूड इंग्रजी फाइल मिळते, जी रखवालदाराच्या काही कामाची नाही. मागितल्यावर एक पानी मराठी तक्ता देतात : काय दिसलं की काय करायचं, खालच्या पाड्यावर कुणाला कळवायचं, जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 आणि पोलिसांचा 112. हा तक्ता पंपघरात लॅमिनेट करून लावा. तळं रिकामं करायचं असेल तर दिवसाला 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका, हेही त्यावर लिहून घ्या. पाणी झपाट्याने उतरलं की भिजलेला पाण्याकडचा उतार पिचिंगसकट ढासळतो.

पर्यटकांच्या बाबतीत पॅकेज पातळ आहे. सांडव्यापासून बोटी दूर ठेवणारी तरंगती दोरी आणि शेवाळलेल्या सांडव्यावर मुलं जाऊ नयेत म्हणून कठडा, एवढंच सुचवतात. विमोचकाच्या तोंडाशी पोहायला बंदी आणि तिथे जाळी, हे तुम्हालाच करून घ्यावं लागेल.

तिसरी उणीव मला सर्वांत खटकते. मूळ दरात एकच भेट आहे, तीही मे महिन्यात. त्या वेळी तळं अर्धं रिकामं असतं, पाण्याकडचा उतार छान दिसतो, पण पाझर दिसत नाही. पाझर पाहायचा तर तळं काठोकाठ भरलेलं हवं. त्यामुळे सेवा घ्या, पण भरलेल्या तळ्यावरची दुसरी भेट करारात लिहून घ्या आणि तिची सप्टेंबरमधली तारीख मे महिन्यातच ठरवा. दोन्ही भेटींत व्ही-नॉचचा आकडा आणि त्या दिवशीची तळ्याची पातळी शेजारी शेजारी नोंदवायला सांगा. पातळीशिवाय नुसत्या पाझराच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.