पट्टायात जेटस्की घेताना पासपोर्ट देऊ नका

पट्टायाची तिकिटं काढली असतील तर आधी हे वाचा. किनाऱ्यावरच्या एका जेटस्कीवाल्याने आमच्याकडून 22,000 बाट उकळले. त्या दिवसाच्या भावाने 55,000 रुपयांच्या घरात.

गावाबद्दल माझी तक्रार नाही. बँकॉकहून दोन तासांचा रस्ता, आणि माणसं दिवसभर उघड्यावर. पहाटे बीच रोडच्या कडेने पळणारे, संध्याकाळी झाडांखाली चटया अंथरून डबे उघडणारी थाई कुटुंबं. मागे दोन बाकं असलेल्या निळ्या पिकअपमध्ये, म्हणजे बाट बसमध्ये, काही न विचारता चढायचं, उतरायचं आलं की घंटी दाबायची आणि ठरलेलं भाडं द्यायचं. (चढण्याआधी ‘कितीला नेणार?’ विचारलंत, तर अख्खी गाडी ठरवल्याचा भाव सांगतात.) बाली हाय धक्क्यावरून बोटीने को लान बेटावर गेलो, तिथे सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पायाशी फिरणारे मासे बघत होत्या. दोन दिवस इतके छान गेले की आम्ही निर्धास्त झालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी म्हणाले, “वहिनी, अर्धा तास जेटस्की फिरवून येतो.” भाडं 1,000 बाट. डिपॉझिट नको, फक्त पासपोर्ट ठेवा, असं तो माणूस हसून म्हणाला. वर इंग्रजीतल्या एका कागदावर सही. पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर आम्हाला उलट बरंच वाटलं. आमची चूक तिथे झाली.

भाऊजी सांगितलेल्या हद्दीतच फिरले, कुठे धडकले नाहीत, मी काठावरून बघत होते. परत आल्यावर दोघांनी जेटस्की वाळूवर ओढली, कलती केली आणि बुडाच्या चऱ्यांवर बोट ठेवलं. वीतभर लांबीचे तीन चरे. मागितले 40,000 बाट. मी वाकून जवळून पाहिलं, तर चऱ्यांच्या खाचेत हिरवट शेवाळ धरलेलं होतं. अर्ध्या तासापूर्वी पडलेल्या चऱ्यात शेवाळ कुठून येणार? तेच मी त्याला बोटाने खरवडून दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही निघण्याआधी फोटो काढले होते, पण ते वरच्या बाजूचे. बूड तेव्हा पाण्यात होतं. त्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

एव्हाना भोवती सात-आठ जण जमले. कमरेला वॉकीटॉकी लावलेला एक जण ‘मध्यस्थ’ म्हणून आला, अगदी गोड बोलणारा. भांडू नका, मी कमी करून देतो, म्हणाला. तो त्यांच्यातलाच होता, हे आम्हाला उशिरा कळलं. पासपोर्ट मागितला तेव्हा त्यांनी प्लास्टिकचा एक डबा उघडला. आत आणखी चार-पाच पासपोर्ट होते, आपल्यासारखे निळे आणि दोन लाल. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान होतं आणि सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. घासाघीस करून 22,000 वर आलं. त्यांचा माणूस आमच्यासोबत एटीएमपर्यंत चालत आला. एका वेळी एवढी रक्कम निघेना, म्हणून दोनदा काढली आणि दोन्ही वेळा 220 बाट शुल्क गेलं.

हॉटेलात परतल्यावर काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो हाच, “पासपोर्ट दिला होता का?” मग तिने 1155 हा नंबर लिहून दिला. हे टुरिस्ट पोलीस, परदेशी प्रवाशांसाठीच असलेले, त्यांच्याशी इंग्रजीत बोलता येतं. तो नंबर आमच्याकडे दुपारी असता तर मी पैसे काढण्याआधी तिथेच उभी राहून फोन लावला असता. तुम्ही तो विमानात बसण्याआधीच फोनमध्ये टाका.

जेटस्की घ्यायचीच असेल तर ती वाळूवर ओढायला लावून बुडाचा व्हिडिओ काढा आणि काढताना मालकालाही त्यात घ्या. तो नाही म्हणाला तर तिथून निघा. मूळ पासपोर्ट मात्र कोणाच्याही हातात ठेवायला देऊ नका, स्कूटरवाल्याच्याही नाही. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, असं पासपोर्टमध्येच छापलेलं आहे. झेरॉक्स द्या, नाहीतर परवडेल एवढी रोख रक्कम द्या. रोख गेली तर तेवढीच जाते. पासपोर्ट त्यांच्या डब्यात असला की ते म्हणतील तो आकडा.

भाऊजी अजून हा विषय निघाला की ताटावरून उठतात. त्यांचा काही दोष नव्हता, हे घरात सगळे त्यांना सांगून थकलो. हे लिहू का, म्हणून मी त्यांना आधी विचारलं. जरा वेळाने म्हणाले, “माझं नाव नको वहिनी, पण आकडा लिहा.”